तांब्याच्या पट्टीचा तिसरा बाक

एरंडोलच्या प्रेमराज वना महाजन ऊर्फ नाना यांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी ‘सर’ म्हटलं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

फोन जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून होता. बोलणाऱ्या होत्या तिथल्या प्राध्यापक ज्योत्स्ना वारके.

“महाजन सर, आमच्याकडे एक जुना मॅग्नेट्रॉन आलाय. रडारमधला, लहरी तयार करणारा व्हॉल्व्ह. भुसावळला एका भंगारवाल्याकडे मिळाला. तुम्ही अशाच कारखान्यात होतात असं समजलं. आमच्या मुलांसमोर तो उघडून, एकेक भाग समजावून सांगाल का?”

“हो, हो,” नाना म्हणाले. “आपलं रोजचंच काम होतं ते.”

फोन ठेवल्यावर नानांनी हे वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. त्यात ‘आपलं’ खोटं होतं, ‘रोजचंच’ खोटं होतं, आणि ‘हो’ तर दोनदा म्हटलं होतं.

नानांनी आयुष्यात फारसं खोटं सांगितलं नव्हतं. लोकांनी सांगितलेलं खोडून काढलं नव्हतं, इतकंच. १९७७ साली आयटीआय करून ते दक्षिणेतल्या एका मोठ्या कारखान्यात लागले आणि नऊ वर्षांनी, घरची ओढ अनावर झाली असं कारण देऊन, परत आले. कुणी विचारलं, “तिकडे काय करत होतास?” तर ते सांगत, “रडारमधल्या व्हॉल्व्हचं काम.” हा निरोप माळीवाड्यातून बसस्टँडपर्यंत जाईतो त्यातला व्हॉल्व्ह गळून पडला आणि नुसतं रडार उरलं. पुढे आकाशातून विमान गेलं की चहाच्या टपरीवरचे लोक आधी वर बघत आणि मग नानांकडे, जणू त्याला वाट यांनीच दिली. नाना अशा वेळी काही बोलत नसत. फक्त विमान दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडे जरा जबाबदारीने बघत.

त्यांनी दुकान काढलं तेव्हा पाटीवर लिहिलं, ‘प्रेम इलेक्ट्रॉनिक्स. रेडिओ, टीव्ही, मिक्सर व्यवस्थित दुरुस्त होतील. रडारचा अनुभव.’ मिक्सर दुरुस्त करायला रडारचा अनुभव कशाला लागतो, हे गावात कुणी विचारलं नाही. पेंटरने विचारलं होतं, पण तो धरणगावचा होता.

या कीर्तीला एकदाच तडा गेला. गावातल्या एका डॉक्टरांकडे नवाकोरा मायक्रोवेव्ह ओव्हन आला. ओव्हनमध्येही मॅग्नेट्रॉनच असतो, म्हणजे रडारचाच गरीब चुलतभाऊ, म्हणून तो लावून द्यायला नानांना बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई, शेजारच्या दोन बाया आणि कंपाउंडर असे चौघं बघायला उभे. नानांनी यंत्राची थोरवी सांगितली, हिरवंगार भरताचं वांगं आत ठेवलं आणि बटण दाबलं. चौथ्या मिनिटाला वांगं फुटलं. ओव्हनच्या आतल्या चारी भिंती, काच आणि छत यांना भरीत सारखं वाटलं गेलं. भाजायच्या आधी वांग्याला टोचे मारावे लागतात, नाहीतर आत वाफ कोंडून ते फुटतं, हे खानदेशात शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. नानांनी अडीच तास यंत्राबद्दल बोलताना वांग्याचा विचारच केला नव्हता.

“व्होल्टेज,” नाना गंभीरपणे म्हणाले. “तुमच्या लाइनला व्होल्टेज फार वरखाली होतंय.”

डॉक्टरांनी स्टॅबिलायझर बसवून घेतला. पण कंपाउंडरने गावात वेगळंच सांगितलं, आणि पुढची काही वर्षं “नानांचं रडार फुटलं” हे वाक्य एरंडोलमध्ये चलनात राहिलं.

आता खरं काय होतं ते सांगायला हवं. मॅग्नेट्रॉन नाना बनवत असत म्हणणं म्हणजे बसच्या तिकिटाला भोक पाडणारा कंडक्टर बस चालवतो म्हणण्यासारखं होतं.

त्या कारखान्यात मॅग्नेट्रॉन अकरा खोल्यांतून बनत जाई. पहिल्या खोलीत तांब्याचा जाड ठोकळा येई. पोलादी ठसा प्रचंड दाबाने त्यात बसवला की मध्ये एक मोठं भोक आणि त्याच्याभोवती गोल मांडलेले बारा छोटे कप्पे तयार होत. प्रत्येक कप्पा एका फटीने मधल्या भोकाकडे उघडा. दुसऱ्या खोलीत तो आम्लाने धुवायचा आणि तिथून पुढे त्याला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा घाम जरी लागला तरी तो पुढे निर्वातात बाहेर येऊन व्हॉल्व्ह खराब करतो. तिसऱ्या खोलीत हायड्रोजनच्या भट्टीत चांदीच्या मिश्रणाने डाग देऊन वरच्या कड्या बसवायच्या. चौथीतून पाचवीत, पाचवीत कॅथोडला पांढरा लेप, मग काचेची जोडणी, मग पंपाला लावून दोन-दोन दिवस तापवत आतली हवा काढणं, मग तांब्याची नळी चेचून तोंड बंद करणं, मग चुंबक, आणि अकराव्या खोलीत चाचणी.

प्रत्येक खोलीतल्या माणसाच्या पासचा रंग वेगळा. नानांचा पिवळा. पिवळ्या पासवर दोन दारं उघडत: चौथ्या खोलीचं आणि कँटीनचं. नऊ वर्षांत नानांनी चालू मॅग्नेट्रॉन एकदाही पाहिला नाही. बाकीच्या दहा खोल्यांची सगळी माहिती त्यांना कँटीनमध्ये, सांबाराबरोबर मिळाली होती.

चौथ्या खोलीतलं काम असं. ठोकळ्यातले बारा कप्पे म्हणजे सोड्याच्या बारा रिकाम्या बाटल्या समजा. तोंडावरून फुंकर गेली की बाटली घुमते. इथे फुंकर असते इलेक्ट्रॉनची. मधला कॅथोड तापला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि सरळ तांब्याकडे निघतात, पण बाहेरचं चुंबक त्यांना सरळ जाऊ देत नाही. लग्नात पाहुणा थेट पंगतीकडे निघावा आणि दर दारात कुणीतरी दंडाला धरून “अरे, इकडे तर या” म्हणत फिरवत न्यावा, तसे ते गोल गोल फिरतात, आणि जाता जाता बाराही कप्प्यांना घुमवतात. आता बारा बाटल्या बारा सुरांत घुमल्या तर त्याला गोंगाट म्हणतात. त्या एका सुरात राहाव्यात म्हणून कप्प्यांच्या भिंतींना एकाआड एक जोडणाऱ्या तांब्याच्या दोन बारीक कड्या असतात. चौथ्या खोलीत त्यांना ‘पट्टी’ म्हणत. ठोकळा मीटरला लावायचा, काटा बघायचा आणि बोथट चिमट्याने पट्टी केसभर वाकवायची. भिंतीकडे दाबली की सूर खाली येतो, उचलली की वर जातो.

नियम एकच होता. एका जागी दोन बाक. पहिल्या वेळी तांबं मुकाट ऐकतं, दुसऱ्या वेळी जरा कडक होतं, तिसऱ्यांदा वाकवलं तर आत कुठेतरी तडकायची भीती. दोन बाकांत सूर जमला नाही तर ठोकळा बाद म्हणून लाल ट्रेमध्ये टाकायचा. लाल ट्रेमध्ये किती गेले ते चार्जमन, म्हणजे खोलीचा मुकादम, रोज फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवी.

टेबलावर चौघे होते. तिघांच्या नावापुढे चार, सहा, तीन असे आकडे असत. प्रेमराजच्या नावापुढे शून्य. १९८३ साली तांब्याचा एक माल कडक आला. तिघांचे आकडे वीस-पंचविसावर गेले, प्रेमराजचं शून्य हललं नाही. चार्जमन इतर खोल्यांतली माणसं आणून ते शून्य दाखवी. “खानदेशी हात,” म्हणे.

खानदेशी हात गुपचूप तिसरा बाक देत होता. आधी एक, मग आणखी एक. सतरापर्यंत प्रेमराजने मोजले, मग मोजणं सोडून दिलं, कारण मोजलं की जेवण जात नसे. मीटर कधी तक्रार करत नव्हता. तडा गेला तरी तो पुढे, व्हॉल्व्ह तापून-निवून, केव्हातरी उघडा पडणार. आणि तो कुठे उघडा पडेल, कुठल्या रडारमध्ये, कोणत्या धुक्यात, ते पिवळ्या पासवाल्याला कळण्याची सोयच नव्हती.

घरची ओढ अनावर झाली ती त्यानंतर. गेली चाळीस वर्षं कुठे विमान भरकटल्याची बातमी आली की नाना आधी साल बघत.

ज्योत्स्नाबाईंचा दुसरा फोन आला तेव्हा नानांनी सहज विचारावं तसं विचारलं, “मॅडम, त्या व्हॉल्व्हवर नंबर काय आहे?”

बाईंनी नंबर वाचला. नानांचाच प्रकार. “आणि खाली साल कोरलंय, सर. त्र्याऐंशी.”

“छान,” नाना म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. ते आधीच खुर्चीवर बसलेले होते, पण पुन्हा एकदा बसल्यासारखं झालं.

त्यांच्याकडे पंचवीस दिवस होते. उरलेल्या दहा खोल्या पंचवीस दिवसांत शिकायच्या म्हणून त्यांनी जळगाव, धुळे इथल्या ओळखीच्या दुकानदारांकडून ओव्हनमधले जळके मॅग्नेट्रॉन मागवले आणि ओसरीवर बसून कापायला सुरुवात केली. पांढऱ्या चिनी मातीच्या भागाला करवत लावायची नाही, त्याची धूळ छातीला वाईट, एवढं त्यांना कँटीनमुळे माहीत होतं. नऊ कापले. त्यांतल्या चुंबकांच्या चकत्या नानांच्या पत्नी पुष्पाबाईंनी शिवणाच्या सुया गोळा करायला घेतल्या. ओव्हनमधल्या मॅग्नेट्रॉनमध्येही पट्ट्या असतात, पण त्या मशीनच ठोकून बसवतं. कुणी चिमटा घेऊन वाकवत बसत नाही, आणि तरी ते वर्षानुवर्षं चालतात. हा विचार नानांना चौथ्या मॅग्नेट्रॉनच्या वेळी आला. त्यांनी तो बाजूला ठेवून पाचवा कापायला घेतला.

“बठ्ठा घरमा भंगारच भंगार शे,” पुष्पाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. “इतला दिन काय शिकी ऱ्हायनात? तुम्ही तर रडारवाला नाना ना?”

नानांनी करवत खाली ठेवली. “पुष्पा, मी एकाच खोलीत होतो गं.”

“माले माहीत शे. पिवळा पास. दोन दरवाजा. लगीननंतर तुम्हीच सांगेल व्हतं.”

“मग चाळीस वर्षं बोलली का नाहीस?”

“लोके माले रडारवाली काकू म्हनतस. मी कसाले बोलू?”

घरातच भागीदार निघाल्यावर नानांना धीर आला. त्यांनी तिसऱ्या बाकाचंही सांगून टाकलं. फळा, शून्य, सतरा, सगळं. पुष्पाबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी चुंबकाला चिकटलेल्या सुया एकेक करून काढल्या.

“आणि त्याच सालचा व्हॉल्व्ह आलाय,” नाना म्हणाले. “बंद पडलेला. बाकी तिघं नियमाने लाल ट्रेमध्ये टाकत. म्हणजे त्यात तीन बाक निघाले तर तो माझाच. आणि मी डावरा. चिमट्याची खूण उलटी कलते. माझी मला लगेच ओळखू येईल.”

“दुसराले कोनले येई?”

“कुणालाच नाही.”

“मंग लोकेसले काय सांगशात?”

“बघू.”

“वांगं फुटनं तव्हय बी तुम्ही व्होल्टेजनं नाव सांगं,” पुष्पाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

नानांना वाटलं, एवढ्या मोठ्या देशाच्या संरक्षणाच्या गोष्टीत हिने वांगं आणायला नको होतं. पण रात्रीच्या जेवणात योगायोगाने भाजी वांग्याचीच होती.

कार्यक्रमाच्या दिवशी एरंडोलहून एक काळी-पिवळी भरून माणसं निघाली. नानांनी कुणाला बोलावलं नव्हतं. बोलावलं होतं धनसिंगने. धनसिंग एसटीच्या धुळे डेपोतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, नानांचा चाळीस वर्षांचा मित्र, आणि नानांच्या रडारवर संशय घेणारा गावातला एकमेव माणूस.

“नाना, आज दूधनं दूध व्हई जाई,” तो गाडीत म्हणाला. “इतला वरीस आयकी ऱ्हायनू. आज डोयाघाई पाहसू तू काय बनाडं.”

“बघ,” नाना म्हणाले. आज त्यांचं कुणाशी भांडायला मन नव्हतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत साठेक मुलं-मुली, चार प्राध्यापक आणि मागे एरंडोलची मंडळी. टेबलावर कॅमेरा लावलेला, त्याच्याखालचं सगळं समोरच्या भिंतीवर खाटेएवढं मोठं दिसत होतं. कॅमेऱ्याखाली तो व्हॉल्व्ह, काळवंडलेला, मुठीएवढा. आणि शेजारी, काचेच्या कपाटात कायमची लावायची म्हणून, छापलेली पाटी: ‘रडार मॅग्नेट्रॉन, १९८३. निर्माते: श्री. प्रेमराज वना महाजन, एरंडोल.’

ती पाटी बघून धनसिंगने टोपी काढून हातात घेतली. छापील अक्षरावर त्याचा पहिल्यापासून विश्वास. नानांना मात्र पाटीकडे बघवेना.

“सर, हा बंद का पडला असेल?” ज्योत्स्नाबाईंनी विचारलं. “खोक्यात एक चिठ्ठी होती. ‘४११२ तास, नंतर बंद.’ एवढंच.”

“चार हजार तास म्हणजे जास्त की कमी?” एका मुलाने विचारलं.

“ते अकराव्या खोलीत माहीत असायचं,” नाना म्हणाले. मुलांना वाटलं, ही काहीतरी तांत्रिक संज्ञा आहे. दोघांनी लिहून घेतली.

पहिला घाव चेचलेल्या नळीवर घालायचा होता. त्याला महत्त्व होतं, आणि नानांनी ते नीट समजावून सांगितलं. आत हवा नसेल तर करवतीचा दात आत शिरताच बाहेरची हवा ‘फुस्स’ करून आत जाईल. मग व्हॉल्व्ह गळका नव्हता, तो दुसऱ्या कशाने तरी मेला. आवाज आला नाही तर हवा कधीचीच आत गेली होती, म्हणजे दोष जोडणीचा किंवा काचेचा. नाना हे बाहेरून शांतपणे सांगत होते. आतून ते, आवाज येऊ नये म्हणून पद्मालयाच्या गणपतीला साकडं घालत होते. आवाज नाही म्हणजे गळती, आणि गळती म्हणजे तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, कुठल्याही खोलीचं पाप, चौथीचं नाही.

मुलं पुढे सरकली. नानांनी करवत लावली. एक, दोन, तीन. तांबूस धूळ पडू लागली. चौथ्या फेरीला करवत हलकी झाली आणि नेमक्या त्याच क्षणी मागून खणखणीत आवाज आला,

“नाना, हात सांभाय! कापी लेशी!”

सगळे मागे वळले. धनसिंगने घाटात पस्तीस वर्षं बस चालवली होती. त्याचा आवाज घाटासाठीच बनवलेला होता. आवाज विरला तेव्हा नळी पूर्ण कापली गेली होती, आणि ‘फुस्स’ झालं की नाही, ते या जगात आता कुणालाच कळणार नव्हतं.

“आला का आवाज?” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

“धनसिंगचा आला,” नाना म्हणाले.

झाकण कॉलेजच्या वर्कशॉपने लेथवर आधीच पातळ करून ठेवलं होतं. नानांनी ते कडेने सोडवलं आणि उचललं. भिंतीवर तांबं उजळलं. चाळीस वर्षं उजेड न पाहिलेलं, नवीन भांड्यासारखं गुलाबी तांबं. बारा कप्पे, मध्ये पांढुरका कॅथोड, आणि वर त्या दोन कड्या. मुलं “वा” म्हणाली. नानांनाही क्षणभर मनापासून ‘वा’ म्हणावंसं वाटलं, कारण आतून पूर्ण झालेला मॅग्नेट्रॉन तेही पहिल्यांदाच बघत होते.

मग त्यांनी पट्टीकडे पाहिलं.

सातव्या कप्प्याजवळ चिमट्याच्या खुणा होत्या. भिंतीवर त्या बैलाच्या शिंगांएवढ्या दिसत होत्या. एक. दोन. तीन. तिन्ही डावीकडे कललेल्या. आणि तिसरीच्या कुशीतून निघालेली, केसासारखी एक काळी रेघ.

नानांनी भिंग डोळ्याला लावलं, भिंग पुसलं, पुन्हा लावलं. भिंगाने रेघ मोठी झाली, गेली नाही.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिचं नाव ममता, हे तिने उठून आधी सांगितलं. “सर, त्या कडीवर ती काळी रेघ कसली?”

नानांच्या मनात तीन उत्तरं एकदम आली आणि तिन्ही चांगली होती. करवतीच्या हादऱ्याने आत्ता गेलेला तडा. भंगारात आपटल्याचा मार. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने ओठांवर येऊन थांबलेलं, ‘व्होल्टेज’. यातलं कुठलंही सांगितलं असतं तरी साठ मुलांनी लिहून घेतलं असतं, पाटी कपाटात लागली असती आणि धनसिंग जन्मभर टोपी हातात धरून बसला असता.

त्यांनी मागे पाहिलं. पुष्पाबाई भिंतीकडे, तांदूळ निवडावेत तशा डोळ्यांनी बघत होत्या. त्यांना रेघ सापडली होती.

“तो तडा आहे,” नाना म्हणाले. “तिथे दोन बाक द्यायचे असा नियम होता. तिथे तीन आहेत. तिसरा मी दिलाय.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग नानांनी, एकदा धरण फुटलं की पाणी विचारून येत नाही तसं, सगळं सांगितलं. लाल ट्रे सांगितला, फळ्यावरचं शून्य सांगितलं, डावा हात वर करून दाखवला. रडार आपण बनवलं नाही. व्हॉल्व्हही बनवला नाही. अकरा खोल्यांपैकी एका खोलीत बसून एक पट्टी केसभर वाकवली आणि तीही, चांगलं दिसावं म्हणून, नको तेवढी वाकवली. पिवळ्या पासवर कँटीनचं दार उघडत असे, हेही सांगितलं. त्याची गरज नव्हती, पण आता काही शिल्लक ठेवायचं नव्हतं.

“म्हणजे सर, हा व्हॉल्व्ह तुमच्यामुळे बंद पडला?” ममताने विचारलं. मुलगी हुशार होती. अशा मुलींची नानांना आधीपासून भीती.

नानांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की याचं उत्तर त्यांना येत नाही. तडा चालता-चालता गेला की आज करवतीने? कॅथोडचा लेप संपला होता की नव्हता? हवा आत होती की नव्हती? चार हजार तास म्हणजे पूर्ण आयुष्य की अकाली मरण? चाळीस वर्षं ज्या गुन्ह्याचं ओझं वाहिलं तो सिद्ध करायलाही बाकीच्या दहा खोल्या माहीत असायला हव्या होत्या.

“ते मला सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “तो फुस्स आवाज ऐकू आला असता तर थोडं कळलं असतं. तडा माझा आहे, हे नक्की. मरण कुणाचं, ते दुसऱ्या खोलीचं काम.”

टाळ्या पडल्या, आणि भरपूर पडल्या. आभार मानायला उठलेल्या प्राध्यापकांनी सांगितलं की, इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या ठायी एवढा विनय दुर्मीळ असतो. नानांनी मान हलवून नाही म्हटलं. तोही विनयच समजला गेला.

पाटीचं मात्र नानांनी ऐकलं नाही. ती छापील पाटी उलटी करून, मागच्या कोऱ्या बाजूवर, डाव्या हाताने, स्वतः लिहिली: ‘सातव्या कप्प्याजवळच्या पट्टीला तिसरा बाक देणारा: प्रेमराज वना महाजन, एरंडोल. नियम दोनचा होता.’ ज्योत्स्नाबाईंनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, “हीच लावते.” आणि लावली.

परतीच्या काळी-पिवळीने पाळधी मागे टाकलं. मग धनसिंग म्हणाला,

“नाना, मी समजनू का तू अख्खं रडार बनाडं. तू तर एक कडी वाकाडी. तीबी चुकाडी.”

“हो.”

“चाळीस वरीस मी विमानमा बसनू नही, तुना रडारवर भरोसा नही म्हनीसन.”

“तू विमानात बसला नाहीस कारण तुला कुणी तिकीट काढून दिलं नाही.”

“ते बी शे,” धनसिंग म्हणाला, आणि टोपी डोक्यावर घातली.

त्या आठवड्यात नानांनी दुकानाच्या पाटीवरचा ‘रडारचा अनुभव’ रंगाने बुजवला. रंग पातळ निघाला. उन्हात उभं राहिलं की खालची अक्षरं अजून वाचता येतात. गावाने या सगळ्याचा लावायचा तो अर्थ लावला. नानांनी जळगावला जाऊन, साठ इंजिनिअरांदेखत, हातकरवतीने रडार फोडून दाखवलं, अशी बातमी बसस्टँडवर आहे. चार हजार एकशे बारा तास जास्त की कमी, ते जुनी कागदपत्रं बघून कळवते असं ज्योत्स्नाबाई म्हणाल्या होत्या. त्यांनी अजून कळवलेलं नाही. नानांनीही विचारलेलं नाही.

जानेवारीत धनसिंगच्या शेतात भरीत पार्टी झाली. कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, कळण्याच्या पुऱ्या, वीस-पंचवीस माणसं आणि टोपलीभर हिरवी वांगी. टोचे मारायचं काम मंडळींनी एकमताने नानांकडे दिलं.

“नाना,” धनसिंग जाळामागून ओरडला, “एक वांगाले दोनच टोचा. तिसरा नको. नियम शे!”

सगळे हसले. पुष्पाबाई सगळ्यात मोठ्याने. नानांनी सुई डाव्या हातात घेतली आणि प्रत्येक वांग्याला मोजून, इमानदारीने, दोनच टोचे मारले.

पहिलं वांगं पाचव्या मिनिटाला फुटलं. मग दुसरं. धनसिंगच्या पांढऱ्या सदऱ्यावर भरीत बसलं, आणि पंचवीस माणसं नानांकडे बघू लागली.

नानांनी जाळाकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं, वरून गेलेल्या विजेच्या तारांकडे पाहिलं.

“व्होल्टेज,” ते म्हणाले.